‘मोदक’ वळणाची अक्षरे : उपयोग व मर्यादा

मुलांसमोर ठेवावयाचे अक्षर गमतीदार असावे, अशी समजूत शाळांतून रूढ होत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु गंमत कोठे करावी याचा विवेक हवा. या दृष्टीने ‘मोदक’ हे मुद्राक्षर, ज्यास संगणकावर फाँट म्हणतात, अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेसाठी सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी ते घडविले. हातांनी काढलेल्या आराखड्यांतून त्याचा आकार सिद्ध झाला. ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते.

त्याचे रूप नावासारखेच गुबगुबीत आहे. दंड व गोलाया फुगून एकमेकांस भिडतात आणि अक्षराच्या पोटातील पोकळी बारीक रेघेएवढीच उरते. नेहमीच्या अक्षरात काळा भाग अक्षर सांगतो. येथे राहिलेली पांढरी रेघ ते सांगते. सरावलेल्या वाचकास याची अडचण पडत नाही. तो शब्द ओळखतो, अक्षरे मोजीत बसत नाही.

पहिलीतील मुलाचे तसे नाही. ‘बारा’ आणि ‘वारा’ यांतील भेद ‘ब’च्या पोटातील एका तिरप्या रेघेवर अवलंबून आहे. ‘घन’ आणि ‘धन’, ‘भात’ आणि ‘मात’ यांत तर शिरोरेषेतील फट हीच मोठी खूण. नेमक्या याच जागा फुगीर अक्षरात बुजतात. मूल चुकते, दोष अक्षराचा असतो आणि चूक मात्र मुलाच्या नावे मांडली जाते. म्हणून वाचनपाठ, शब्दपट्ट्या व प्रश्नपत्रिका यांसाठी हे वळण वर्ज्य समजावे. झेरॉक्स प्रतीत त्या पांढऱ्या रेघाही भरून जातात, आणि शाई किती खर्ची पडते ते निराळेच.

भित्तिपत्रकाचा मथळा, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, आनंदबाजारातील दुकानाची पाटी, अशा दोन-तीन शब्दांच्या ठिकाणी मात्र ते शोभते.

चौथी-पाचवीच्या चित्रकलेच्या तासास त्याचा याहून चांगला उपयोग होतो. मुलाने प्रथम पेन्सिलीने बारीक ‘ब’ काढावा, भोवती फुगीर बाह्यरेषा आखावी आणि पोटातील पांढऱ्या जागा राखून बाकीचा भाग रंगवावा. कोणती जागा सोडली नाही तर ‘ब’चा ‘व’ होतो, हे त्यास स्वतःच्या हातानेच कळते. ‘ध’ काढताना शिरोरेषेतील फट हमखास भरली जाते. तेथे शिक्षकाने न सांगता थांबावे व मुलासच अक्षर वाचावयास लावावे. जोडाक्षरे आरंभी घेऊ नयेत.

मथळा छापून घेण्यापूर्वी ‘ल’ व ‘श’ अवश्य तपासावेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानुसार मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त व ‘श’ देठयुक्त असावयास हवा, आणि पुष्कळ मुद्राक्षरांत ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. तशी आढळल्यास तो मथळा हातानेच काढलेला बरा.