बी.कॉम.नंतर संगणकशास्त्र, घरबसल्या

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. नोकरी सांभाळून संगणकशास्त्राचा पाया पक्का करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०एक्स’पासून करा. प्रा. डेव्हिड मलान यांचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, पूर्वज्ञान लागत नाही. पहिल्या आठवड्यात ‘स्क्रॅच’ या दृश्य प्रोग्रॅमिंग भाषेचे ठोकळे जुळवायचे असतात; पुढच्याच आठवड्यात सी भाषा येते आणि धाप लागते. तिथे सोडू नका. मेमरी कशी चालते हे सी शिकतानाच खरं उमगतं, मग पुढे येणारी पायथन भाषा हलकी वाटते. व्याख्यानं नुसती पाहून काही येत नाही, गृहपाठ स्वतः सोडवा. चॅटजीपीटीकडून उत्तरं घेणं तर नियमातच बसत नाही. गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प पूर्ण केल्यावर मोफत प्रमाणपत्र मिळतं. ती पदवी मात्र नव्हे. मुलाखतीला जाताना तो प्रकल्प दाखवा.