गोळी नवी असताना

मुलाला फीट आली, तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. आता सगळ्या घराचं लक्ष एकाच गोष्टीकडे, पुन्हा फीट येते का. साहजिकच आहे. पण पहिले दोन महिने मुलाच्या अंगाकडेही डोळ्यांत तेल घालून बघा.

कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन ही फिटची उपयोगी औषधं. बहुतेक मुलांना ती सोसतात. क्वचित एखाद्याला मात्र भयंकर रिअ‍ॅक्शन येते, बहुधा पहिल्या आठ आठवड्यांतच. आधी ताप, घसादुखी, कणकण. मग डोळे लाल, ओठांवर नि तोंडात फोड, लघवीला जळजळ, अंगावर दुखरे लालजांभळे चट्टे, आणि शेवटी भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये हा आजार नोंदवला, म्हणून त्याला त्यांचं नाव. दुसऱ्या एका प्रकारात चेहरा सुजतो, मानेत गाठी येतात, यकृतालाही सूज येते.

पंचाईत अशी की यातल्या प्रत्येक लक्षणाला आपल्या घरात उत्तर तयार असतं. तोंड आलंय? उष्णता झाली, गुलकंद द्या. डोळे आलेत? साथच आहे. पुरळ उठलंय? गोवर असेल, कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ घाला. एरवी आजीचं म्हणणं खरंही ठरतं. गोळी नवी असताना मात्र ते बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, डॉक्टरांना गाठा. फिटची गोळी मनानं बंद करू नये हे खरं, कारण मग फीट थांबेनाशी होऊ शकते. म्हणूनच पुढचा डोस देण्याआधी विचारा. फोन लागला नाही तर गोळ्यांची पाकिटं घेऊन थेट मोठं रुग्णालय. औषध जितकं लवकर बंद होईल, तितकं मूल वाचण्याची शक्यता जास्त.

‘लॅमोट्रिजिनचा डोस इतका हळू का वाढवता?’ असं पालक वैतागून विचारतात. घाईनं वाढवला की पुरळाचा धोका वाढतो, म्हणून. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर आणखी सावकाश, कारण त्यामुळे लॅमोट्रिजिन रक्तात जास्त साठतं. गावी गेलात नि काही दिवस गोळी राहिली, तर परतल्यावर पूर्ण डोस एकदम सुरू करू नका.

कार्बामॅझेपिनपूर्वी एचएलए-बी १५:०२ या जनुकाची रक्ततपासणी करता येते. आपल्या मुलाला ती हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण ती निर्दोष आली म्हणून पुरळाकडे दुर्लक्ष नको.

एकदा रिअ‍ॅक्शन आली की त्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा. कार्बामॅझेपिनला आली असेल तर फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनलाही येऊ शकते, आणि न थांबणारी फीट घेऊन मूल कॅज्युअल्टीत पोचलं की फेनिटॉइन शिरेतून देतात. त्या वेळी तुम्ही जवळ असालच असं नाही. म्हणून तशीच एक चिठ्ठी दप्तरात ठेवा, एक वर्गशिक्षकांकडे द्या.