बंद बरणींतील तलाव

पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलाव शेतकरी बंधूंस परिचित आहेत. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि हे तलाव 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊं लागले. महसूल खात्यांत कारकुनी करतांना अशा तलावांचें क्षेत्र व ओलित आम्हीं कागदावर पुष्कळ लिहिलें. परंतु पाण्याच्या आंत कोण कोणावर जगतो, याचा रकाना आमच्या नमुन्यांत नव्हता. तो हिशेब निवृत्तीनंतर नागपुरास घरीं एका कांचेच्या बरणीनें आम्हांस शिकविला.

हिशेब असा. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात. प्राणी तो घेऊन कर्बवायु बाहेर टाकतात व तो वनस्पतींच्या उपयोगीं पडतो. विष्ठा व सडका पाला सूक्ष्म जंतु कुजवितात, आणि त्याचें पुनः खत होतें. हीं तिन्हीं अंगें प्रमाणांत असलीं, तर बंद बरणीस उजेडावांचून बाहेरचें कांहीं लागत नाहीं.

प्रमाण चुकलें म्हणजे काय होतें, हें आम्हीं प्रथमच पाहिलें. शेतकऱ्याच्या संवयीनें बरणींत मूठभर शेणखत टाकलें, तीन लहान मासे सोडले व झांकण लावलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे मासे मरून तरंगत होते व पाण्यास दुर्गंधि सुटली होती. दोष आमचाच. खत कुजवितांना जंतूंनीं प्राणवायु संपविला; रात्रीं तर वनस्पतीहि प्राणवायु सोडीत नाहींत, उलट घेतात.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० च्या सुमारास मासे व पाणवनस्पति एका भांड्यांत ठेविल्या, तेव्हां कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें. त्यांनीं तळ्यांतील गोगलगाई सोडल्या; त्यांनीं तीं पानें खाल्लीं व पाणी सुधारलें. हें वाचून आम्हीं दुसरी बरणी केली, ती अशी :

(१) पांच लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणींत तलावाचा दोन बोटें चिखल व त्यावर बोटभर धुतलेली वाळू घालावी.

(२) तलावाचेंच पाणी पाऊण बरणी भरावें. वरची जागा हवेसाठीं ठेवावी.

(३) हायड्रिलाच्या चार-पांच कांड्या रोवाव्या. एक-दोन लहान गोगलगाई सोडाव्या. मासा घालूं नये. इतक्या पाण्यांत त्याचा निभाव लागत नाहीं.

(४) दोन दिवसांनीं गढूळपणा बसल्यावर झांकण घट्ट लावावें.

(५) बरणी उत्तरेच्या खिडकीशीं, उजेडांत परंतु उन्हाबाहेर ठेवावी. नागपूरच्या उन्हाळ्यांत ती घरांतील थंड जागीं हलवावी. कारण पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो.

पाणी हिरवें झालें तर उजेड कमी करावा. काळें होऊन घाण सुटली तर बरणी मोडून पुनः आरंभ करावा.

मोठ्यांचाहि हा हिशेब चुकला आहे. अमेरिकेंत ॲरिझोना येथें 'बायोस्फिअर दोन' या बंदिस्त कांचगृहांत १९९१ पासून दोन वर्षें आठ माणसें राहिलीं. तेथील माती सेंद्रिय द्रव्यानें फार भरलेली होती. तींतील जंतूंनीं प्राणवायु इतका खर्च केला कीं, हवेंतील त्याचें प्रमाण सुमारें २१ टक्क्यांवरून १४॥ टक्क्यांवर उतरलें, आणि १९९३ मध्यें तो बाहेरून पुरवावा लागला.

आपला तलाव हीहि एक बरणीच होय. शेतांतून वाहून आलेलें जादा खत, गांवचें सांडपाणी व कचरा त्यांत पडला म्हणजे शेवाळ माजतें, मग तें मरून कुजतें, आणि एके पहांटे मासे मेलेले दिसतात. आपण त्याचा दोष रोगास देतों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, घरीं दोन बरण्या कराव्या. एक वरीलप्रमाणें, आणि दुसरी गोगलगाई न घालतां चिमूटभर जादा शेणखत घालून. दोन्ही महिनाभर शेजारीं ठेवाव्या आणि घरांतील मुलांकडून रोजची नोंद लिहून घ्यावी. पिकास खत देणें हा धर्म खराच. परंतु पाण्यास तें देऊं नये, हें त्या नोंदींतून मुलेंच आपणांस सांगतील.