पाचवा गेला, दुसरा राहिला: असं का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शिकतो. तिथल्या कॉलेज कुस्तीचं त्याला भलतंच वेड लागलंय. तो सांगतो, एका स्पर्धेत पाचवा आलेला मल्ल राष्ट्रीय अजिंक्यपदाला गेला आणि दुसऱ्या स्पर्धेत दुसरा आलेला घरी बसला. हा कुठला न्याय? आणि आपल्याकडचा एखादा पोरगा तिथं शिकायला गेला, तर त्याला यात उतरता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : न्याय आहे, आणि माझ्या मते चांगला आहे. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला जिल्ह्याची निवड चाचणी असते. जिल्हा तालमींनी गजबजलेला असो वा नसो, प्रत्येकाचा वाटा साधारण सारखाच. त्यामुळे कोल्हापुरात हरलेला तगडा पैलवान घरी राहतो आणि त्याच्याहून हलका दुसऱ्या जिल्ह्यातून सहज पुढे जातो. अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने नेमकी ही अडचण सोडवायचा प्रयत्न केला आहे.

त्यांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला डिव्हिजन वन म्हणतात. तिथं १२५ ते २८५ पौंड, म्हणजे साधारण ५७ ते १२९ किलोपर्यंत, दहा वजनगट आहेत. प्रत्येक गटात राष्ट्रीय स्पर्धेला ३३ मल्ल, असे एकूण ३३०. एका गटात एका विद्यापीठाचा एकच मल्ल. त्यामुळे पहिली चाळणी स्वतःच्या तालमीतच लागते. तिथं सोबत्याशीच कुस्ती करून जागा मिळवावी लागते.

विद्यापीठं कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेली असतात. बिग टेन हा त्यातला कुस्तीत सर्वांत बलाढ्य गट. पेन स्टेट आणि आयोवा त्यातलीच. मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक कॉन्फरन्सची स्पर्धा होते आणि तिथून बहुतेक जागा भरतात. पण कुठल्या कॉन्फरन्सला किती जागा, हे आधीच हंगामभराच्या कुस्त्यांवरून ठरलेलं असतं. प्रत्येक मल्लाला तीन कसोट्या लावतात. डिव्हिजन वनच्या मल्लांशी झालेल्या कुस्त्यांपैकी किमान सत्तर टक्के जिंकल्या का? प्रशिक्षकांच्या क्रमवारीत तो पहिल्या तिशीत आहे का? आणि आरपीआय नावाच्या गणिती क्रमवारीत तिशीत आहे का? या आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांबरोबर प्रतिस्पर्ध्यांनी किती कुस्त्या मारल्या आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी कसे होते, हेही मोजतात. दुबळ्यांना चीत करून फुगवलेला आकडा तिथं फार टिकत नाही.

तीनपैकी दोन कसोट्या पार केल्या, की त्या मल्लामुळे त्याच्या कॉन्फरन्सला त्या वजनगटात एक जागा मिळते. एकही मल्ल पार झाला नाही, तरी विजेत्यासाठी एक जागा असतेच. म्हणून बिग टेनला एखाद्या गटात आठ-नऊ जागा मिळतात आणि एखाद्या छोट्या कॉन्फरन्सला एकच. तुमच्या भाच्याने पाहिलेला पाचवा आणि दुसरा हे या हिशेबातले.

आता यातली खरी गोम. जागा मिळते ती कॉन्फरन्सला, मल्लाला नाही. नोव्हेंबरपासून घाम गाळून, नामांकित जोडी पाडून एखाद्याने जागा आणली, आणि मार्चच्या त्या दोन दिवसांत तो घसरला, तर त्याने कमावलेल्या जागेवर दुसराच राष्ट्रीय स्पर्धेला जातो. सात जागा असतील तर सातव्या क्रमांकाची कुस्ती ही सुवर्णपदकाच्या कुस्तीइतक्याच जिद्दीने होते. किंबहुना जास्तच, कारण अंतिम फेरीतले दोघेही आधीच पात्र झालेले असतात. बघणाऱ्याने अशा कॉन्फरन्स स्पर्धेत फक्त अंतिम कुस्त्या बघू नयेत. खाली, बाजूच्या मॅटवर, पात्रतेच्या शेवटच्या जागेसाठी झुंजणारी पोरं बघावीत.

असं घसरलेल्याला एक दार उघडं राहतं. सगळ्या वजनगटांत मिळून साधारण ४० ते ५० जागा समितीच्या निवडीसाठी राखलेल्या असतात. समिती आमनेसामनेचे निकाल, मोठ्या मल्लांवरचे विजय, सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, क्रमवारी आणि कॉन्फरन्समधला क्रमांक पाहते. त्यातून वर्षभर चांगला खेळलेला पण ऐनवेळी हरलेला मल्ल वाचू शकतो. मग ३३ जणांना मानांकन देतात. ३२वा आणि ३३वा आधी आपसात लढतात, आणि जिंकणाऱ्याची गाठ थेट पहिल्या मानांकिताशी पडते.

वजनाची गोष्ट मात्र नुसती नियम म्हणून सांगून चालणार नाही. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाच आठवड्यांच्या आत, अमेरिकेत तीन कॉलेज मल्ल वजन उतरवताना मेले. घामाचे कपडे, उष्ण खोली, पाणी बंद. त्यानंतर नियम बदलले. आता हंगामाच्या सुरुवातीला शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून मल्लाचं किमान वजन ठरवतात, त्याखालच्या गटात त्याला उतरता येत नाही, आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याहून जास्त वजन घटवायला परवानगी नाही. कुणीही पात्र होण्याआधी ही तपासणी होते. आपल्याकडे स्पर्धेच्या आदल्या रात्री पोरं रजई पांघरून धावतात आणि वस्ताद ते बघत राहतात. हे थांबायला हवं, आणि तिकडच्यासारखं कुणी जीव जाईपर्यंत वाट पाहू नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्या विद्यापीठात शिकत असेल, संघात निवडला गेला आणि अभ्यास व हौशी खेळाडूपणाच्या अटी पाळत असेल, तर परदेशी विद्यार्थ्यालाही उतरता येतं. पण तिथली कुस्ती ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळी आहे. तिला फोकस्टाइल म्हणतात. तीन, दोन आणि दोन मिनिटांच्या अशा तीन फेऱ्या असतात. दुसऱ्याला खाली दाबून ठेवण्याला तिथं मोल आहे: दोघांच्या ताब्याच्या वेळेत एक मिनिटाचा फरक पडला, तर एक गुण मिळतो. खाली सापडलेल्याला उठून सुटण्याचाही गुण असतो. फ्रीस्टाइलमध्ये खालचा मल्ल थोडा वेळ तग धरतो आणि पंच दोघांना उभं करतात, म्हणून हे उठणं आपल्या मॅटवरच्या पोरांच्या अंगवळणी पडत नाही. मातीत वाढलेल्यांना ताब्याची ही भाषा जास्त जवळची वाटेल. तरीही तिकडे जाण्याआधी वर्षभर खालून सुटण्याचा सराव करायला सांगा. पहिल्याच हंगामात त्याचा उपयोग होईल.