अ, ॲन आणि द

मागच्या घटक चाचणीत इंग्रजीत माझे दोन गुण गेले. मी 'ॲन युनिफॉर्म' आणि 'अ अवर' असं लिहिलं होतं. मला वाटलं बाईंचंच चुकलं. नियम तर मला तोंडपाठ होता. ए, ई, आय, ओ, यू यातलं अक्षर पहिलं असेल तर ॲन, नाहीतर अ. युनिफॉर्म यू ने सुरू होतो आणि अवर एच ने. मग चुकलं कुठे?

घरी येऊन मी रडत बसले. माझी आजी चौथीपर्यंत शिकली आहे. तिच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. (इ.स. २००० पासून ते पहिलीपासून झालं.) म्हणून तिला ए बी सी डी येत नाही. ती म्हणाली, "मला तुझं ते वाचता येत नाही. मराठीत लिहून दाखव." मी पाटीवर लिहिलं, युनिफॉर्म, अवर. आजी म्हणाली, "अगं, याच्यात य आहे आणि त्याच्यात अ. स्वर कुठला नि व्यंजन कुठलं ते तूच सांग की!"

मी गप्पच झाले. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, आजींचं बरोबर आहे. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा.

मित्रांनो, आता मी प्रत्येक शब्द आधी मराठीत लिहिते. स्वर आला की ॲन, व्यंजन आलं की अ. आपल्या दापोडीत एस.टी.ची मोठी कार्यशाळा आहे, ते सर्वांना माहीत आहे. नुसती बस असेल तर 'अ बस'. पण एस.टी. म्हणताना तोंडात आधी ए येतो, म्हणून 'ॲन एस.टी. बस'. बस तीच, उपपद बदललं! एक रुपयाच्या नाण्याला 'अ वन-रुपी कॉइन', कारण वन मध्ये व आहे.

'अ अंब्रेला' म्हणून बघा, जीभ अडखळते. मध्ये न आला की सोपं जातं. बाईंनी सांगितलं की ॲन हाच जुना शब्द. त्याचा अर्थ एक. पुढे व्यंजन आलं की त्यातला न गळायला लागला. गंमत म्हणजे ॲप्रनला पूर्वी नॅप्रन म्हणत. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता लोकांना 'ॲन ॲप्रन' ऐकू आलं आणि न तिकडे गेला. म्हणजे इंग्रज लोकांचंही चुकतं!

'द' मला जास्त अवघड वाटतो, कारण मराठीत उपपद नाही. आपण म्हणतो, एक कुत्रा आला. कुत्रा भुंकला. दुसऱ्या वेळी कुठला कुत्रा ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत तिथे 'द डॉग' म्हणावंच लागतं. ऐकणारा "कुठला?" असं विचारणार नसेल तर द लावायचा. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. नद्यांच्या नावांना द लागतो, 'द मुळा', 'द पवना'. पण त्या दोघी जिथे भेटतात त्या दापोडीला लागत नाही. मी एकदा 'द दापोडी' लिहिलं होतं, तेव्हा सगळा वर्ग हसला.

आता तुम्ही सांगा, अ की ॲन? ऑनेस्ट मॅन, युनियन, एल.आय.सी. एजंट, एग. पालकांनीही सांगावं. उत्तरं चौथीच्या वर्गात माझ्याकडे मिळतील.