‘डफरीन’ : पलटणीचे जहाज, शिकणाऱ्यांचे जहाज

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आपल्या धाटावजवळून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर अलिबागचा कुलाबा किल्ला उभा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा दरारा या किनाऱ्यावर होता. त्या आरमाराचे सरखेलही इथलेच आणि खलाशीही इथलेच. त्यानंतर दोनशे वर्षांनी याच किनाऱ्यावर सरकारी जहाजे चालत होती आणि त्यांवर खलाशी आपले होते. परंतु हुकूम देणारा एकही अधिकारी आपला नव्हता. हे चित्र कसे बदलत गेले, हे एका जहाजाच्या हकिकतीवरून पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

त्या जहाजाचे नाव ‘डफरीन’. 1884 ते 1888 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरीन यांच्यावरून ते ठेवले होते. इंग्लंडमधील बॅरो येथे व्हिकर्स कंपनीच्या गोदीत 1904 साली हे जहाज तयार झाले. ते सुमारे साडेसात हजार टनांचे होते आणि कोळशावर चाले. त्याची मालकी ‘रॉयल इंडियन मरीन’ या सरकारी नौदलाकडे होती. या दलाचे मुख्य ठाणे मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये होते. नावाला हे नौदल असले तरी शांततेच्या काळात पलटणी वाहून नेणे, किनाऱ्यांची मोजणी करणे, एडन, अंदमान, ब्रह्मदेश अशा ठिकाणी सरकारी कामे करणे, हाच त्याचा मुख्य धंदा होता. ‘डफरीन’ने तेवीस वर्षे ही चाकरी केली.

या जहाजांवरची उतरंड समजून घेणे आवश्यक आहे. सर्वांत वर कप्तान, मेट आणि इंजिनीअर, म्हणजे गोरे साहेब. त्यांच्या खाली सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी. इंजिनाच्या बाजूला आगवाले आणि कोळसेवाले. भटारखान्यात भंडारी. या दलातील खलाशांची भरती मोठ्या प्रमाणावर आपल्या कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून होई. सारंग कितीही वाकबगार असला, वारा आणि पाणी त्याला पाठ असले, तरी सारंगाच्या वरची पायरी त्याच्यासाठी नव्हतीच. या दलात पहिल्या हिंदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली ती 1928 साली. ते होते इंजिनीअर डी. एन. मुखर्जी. म्हणजे ‘डफरीन’च्या तेवीस वर्षांच्या संपूर्ण लष्करी नोकरीत तिच्या दलात एकही हिंदी अधिकारी नव्हता!

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. ‘डफरीन’, ‘हार्डिंज’ आणि ‘नॉर्थब्रुक’ या तीन जहाजांवर तोफा बसवण्यात आल्या आणि पलटणीची जहाजे लढाऊ झाली. 3 फेब्रुवारी 1915 रोजी सुएझ कालव्यात ‘हार्डिंज’वर तुर्की तोफांचे गोळे येऊन आदळले. 1916 साली अरबांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला, तेव्हा ‘डफरीन’ तांबड्या समुद्रातील गस्तीवर होते. त्या समुद्रातील उकाडा प्रसिद्धच आहे. तशा उकाड्यात भट्टीपुढे उभे राहून फावड्याने कोळसा लोटणारे आगवाले डोळ्यांपुढे आणले, म्हणजे युद्धाच्या इतिहासात त्यांची नावे का आढळत नाहीत, असा प्रश्न मनात येतो.

युद्धानंतर वारे बदलले. 1919 साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले. जहाज देशी झाले. पण ते चालवणार कोण? कायद्याप्रमाणे कप्तानाजवळ मास्टरचा दाखला हवा. त्याआधी सेकंड मेट आणि फर्स्ट मेट या परीक्षा, आणि परीक्षेआधी समुद्रावरची उमेदवारी. ही उमेदवारी हिंदी मुलांना मिळणेच दुरापास्त होते. ज्याला शिकूच दिले नाही, त्याला ‘तू लायक नाहीस’ असे सांगणे सोपे असते.

1922 साली सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. 1923 साली कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हिंदी मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्यासाठी मुंबईत एक शिक्षण-जहाज असावे, अशी शिफारस तिने केली. त्यासाठी निवड झाली ती जुन्या ‘डफरीन’ची. 1927 साली ते माझगावच्या बंदरात कायमचे नांगरले गेले आणि त्याची शाळा झाली. आपल्याकडे भिऱ्याचे वीजघर सुरू झाले ते याच वर्षी.

पंधरा-सोळा वर्षांची मुले तेथे राहू लागली. दोरांच्या गाठी, होडी वल्हवणे, निशाणांच्या खुणा, होकायंत्र, सागरी नकाशे, सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून आपले ठिकाण काढणे, असे हे शिक्षण होते. जहाज जागचे हलत नव्हते, पण मुले पुढे जात होती. पहिल्याच तुकडीतील आर. डी. कटारी हे आधी हुगळी नदीवर पायलट झाले, युद्धकाळात नौदलात आले आणि 22 एप्रिल 1958 रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ‘डफरीन’ची ही दुसरी चाकरी पंचेचाळीस वर्षे चालली. 1972 साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि 1993 साली नवी मुंबईत ‘चाणक्य’ ही संस्था जमिनीवर उभी राहिली.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ‘डफरीन’चा दरवाजा हिंदी मुलांना उघडला, तो कोणत्या मुलांना? प्रवेश परीक्षा होती, इंग्रजी यावे लागे, फी भरावी लागे. कोळसेवाल्याच्या मुलाला हे तिन्ही अवघड होते. साहेबाच्या जागी हिंदी माणूस येऊ लागला, म्हणून तळाच्या माणसाचे दुःख आपोआप संपले नाही. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’वरील खलाशांनी बंड पुकारले, त्यामागे निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक ही कारणे होतीच. स्वातंत्र्यानंतर ‘भद्रा’, ‘मेखला’ आणि ‘नौलक्षी’ ही शिक्षण-जहाजे साध्या खलाशांसाठीही निघाली, हे पुढचे आणि तितकेच मोलाचे पाऊल होय.

आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी माझी पहिलीच पिढी. म्हणून मला या हकिकतीत तोफांपेक्षा त्या शाळेचे महत्त्व अधिक वाटते. जहाज तेच होते, पत्रे तेच होते, माणसेही याच देशाची होती. फरक पडला तो शिकण्याची संधी मिळाल्यामुळे. आपल्यापैकी अनेकांचे वडील शेतात किंवा कारखान्यात पाळी करून आपली फी भरतात. आपण शिकून वरच्या पायरीवर गेलो, तर खालच्या पायरीवर अजून कोण उभे आहे, हे वळून पाहण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.