दुपारचं जेवलीस का?

काल रात्री फोनवर मी तुला विचारलं, दुपारी काय खाल्लंस? तू म्हणालीस, "खाल्लं गं ताई." दोनदा खोदून विचारलं तेव्हा कुठे चहा आणि बिस्किटाचा पुडा बाहेर आला. पहाटे अंधारात खर्डीहून कसारा लोकल पकडायची, ठाण्याला उतरून मॉल गाठायचा, दिवसभर उभं राहून कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि रात्री परत तेवढीच गाडी. एवढ्या सगळ्याला एक बिस्किटाचा पुडा? फोन ठेवला आणि मला काही झोप लागेना. म्हणून हे लिहून पाठवतेय. सकाळी गाडीत बसायला मिळालं की वाच.

मॉलमध्ये खाणं परवडत नाही असं तू म्हणालीस. खरंच आहे ते. पण म्हणून उपाशी राहायचं, हे कुठून आलं? हे मी तुला रागावून विचारत नाही. मी स्वतः तेच केलंय, म्हणून विचारतेय.

माझा कामाचा पहिला दिवस. दुपारी सुट्टी झाली, सगळ्यांबरोबर मीही सरकत्या जिन्याने वरच्या फूड कोर्टात गेले. एकेका काउंटरवर दिव्यांच्या पाट्या, पाट्यांवर ताटल्यांचे हे मोठे फोटो. काय मागायचं ते कळेना, आणि मागे रांग. घाबरून समोरच्या फोटोकडे बोट दाखवलं. एक ताटली नूडल्स आल्या, बरोबर थंड पेय, कारण म्हणे ते 'कॉम्बो'मध्येच होतं. 190 रुपये गेले. तेव्हा माझा दिवसाचा पगार 230 च्या आसपास पडायचा. त्या नूडल्स गिळताना माझ्या डोळ्यांपुढे बाबा दिसत होते, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे असलेले. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी वर जायचंच सोडलं. पाणी प्यायचे आणि ट्रायल रूमच्या मागच्या कोपऱ्यात बसून राहायचे.

तीन आठवडे तसे काढले. चौथ्या आठवड्यात एका दुपारी हातात कुर्त्यांची चळत घेऊन चालताना पायाखालची फरशीच हलली. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते आणि कुर्ते माझ्या अंगावर. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "घरून खाऊन येत जा ना." पहाटे चारला उठून कोण काय खाऊन येणार, हे त्यांना सांगायची माझ्यात ताकद नव्हती. उचललं मला गेटवरच्या सिक्युरिटीच्या मावशीने. मुरबाडकडची होती. तिने काही विचारलं नाही, हाताला धरलं आणि मालाचे ट्रक येतात त्या मागच्या दाराने बाहेर घेऊन गेली.

बाय, त्या मागच्या दाराबाहेर एक वेगळंच गाव होतं. भिंतीच्या कडेला निळं प्लास्टिक बांधलेलं, खाली एक बाई, तिच्यापुढे तीन मोठे डबे. एकात कापडात गुंडाळलेल्या पोळ्या, एकात बटाट्याची सुकी भाजी, एकात आमटी. पोळी काढताना ती कापडाचं एकच टोक उचलायची आणि लगेच झाकायची, आतली वाफ जाऊ नये म्हणून. आमटीचा पळा तळापर्यंत घालून ढवळायची, मग वाढायची, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला डाळ. समोर दगडावर, पायरीवर, उलट्या क्रेटवर बसून जेवत होते ते सगळे मॉलचेच लोक. लिफ्टवाला, सफाईच्या बायका, दागिन्यांच्या दुकानातला तो टाय लावलेला मुलगासुद्धा. मावशी म्हणाली, "कुठंबी कामाला लागलीस की पहिल्या दिवशी बघायचं, तिथं झाडू मारणारे कुठं जेवतात. तिथं जायचं."

याहून मोठा सल्ला मला त्यानंतर कुणी दिलेला नाही. तू उद्याच बघ. कोरम असो की आणखी कुठला मॉल असो, त्यात शेकडो माणसं राबतात आणि ती सगळी काही वरच्या मजल्यावर जेवत नाहीत. सफाईच्या ताईला सरळ विचार, "तुम्ही कुठे जेवता?" अशा प्रश्नाचा राग कुणाला येत नाही.

वरचं महाग का असतं तेही सांगते, म्हणजे आपण गरीब म्हणून परवडत नाही असं तुझ्या मनात राहायला नको. त्या काउंटरवाल्याला मॉलला जबर भाडं द्यावं लागतं, बऱ्याच ठिकाणी विक्रीतला वाटाही. थंड हवा, सरकता जिना, ती चकचकीत टेबलं, सगळं त्या ताटलीच्या किमतीत धरलेलं असतं. इडली तीच, तांदूळ तोच. कधी मैत्रिणींबरोबर वर जावंच लागलं तर अवश्य जा, लाजून मागे राहू नकोस. फक्त कॉम्बो नको म्हण, नुसता पदार्थ माग. साध्या इडलीचं, डोशाचं काउंटर बहुतेक ठिकाणी असतं. दोन ताटल्या तिघींत होतात. पैसे भरून कार्ड घ्यावं लागत असेल तर भरायच्या आधीच विचार, उरलेले पैसे परत कसे मिळतात ते.

आता मॉलच्या बाहेरचं. ठाण्यासारखं शहर या बाबतीत फार मायाळू आहे. नौपाडा, गोखले रोड या बाजूला पोळीभाजी केंद्रं आहेत. नोकरीवरून घरी जाणाऱ्या बायकांसाठी बायकांनीच चालवलेली. पोळ्या नगावर मिळतात, भाजी वाटीने किंवा वजनावर, कुठे भाकरी, कुठे वरणभात. बसायला जागा नसते, पार्सल घ्यायचं. तुझी दुपारची पाळी असेल त्या दिवशी स्टेशनवरून येतानाच तीन पोळ्या आणि पालेभाजी घेऊन ठेव. घरच्याच्या सर्वात जवळ जाणारं आणि खिशाला सर्वात हलकं, माझ्या मते हेच.

दुसरं उडप्याचं हॉटेल. तिथे मेनूकार्ड उघडू नकोस, "राइस प्लेट आहे का?" एवढंच विचार. ती दुपारीच असते, तीन वाजता गेलीस तर संपलेली असते. दोन पोळ्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, वरण, भात, ताक. "स्पेशल थाळी घ्या," असं वेटर म्हणेल. तुला साधीच पुरते.

मिसळ आवडते तुला, माहीत आहे. मामलेदारची ऐकली असशील. मामलेदार कचेरीशेजारची म्हणून ते नाव, सत्तर वर्षांहून जुनी. तिखट, मध्यम, कमी अशी विचारूनच देतात. तू मध्यमच घे, पुढे चार तास उभं राहायचंय. मिसळीत निदान कडधान्य पोटात जातं. वडापावचं तसं नाही. नौपाड्यातल्या गजाननची ती पिवळी बेसनाची चटणी मलाही आवडते, स्टेशनजवळचा कुंजविहारचा मोठा वडा मी कितीदा खाल्लाय, आणि कल्याणला उतरलीस तर वझ्यांचा खिडकी वडाही खा; घराच्या खिडकीतून विकायचे म्हणून तो खिडकी वडा. पण वडापावने भूक मरते, जेवण होत नाही. संध्याकाळच्या खाण्याला ठीक. रोज दुपारी वडापाव खाशील तर महिनाभरात तुझं पोटच तुला सांगेल.

आणि शिवभोजन. हे नाव घेतलं की तू तोंड वळवशील. आईला अजून 1995 मधली एक रुपयाची झुणका-भाकर आठवते. त्याच वाटेवरची ही, 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली थाळी. 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. केंद्र दुपारीच चालतं आणि थाळ्या ठरावीक असतात, म्हणून जवळपास चालू केंद्र असेल तर लवकर जायचं. सरकारने कष्टकऱ्यांसाठीच ठेवलेलं ताट आहे ते. नऊ तास उभी राहणारी तू कष्टकरी नाहीस तर कोण आहेस?

महिनाअखेरीला हात अगदीच आखडला तर काय करायचं, तेही सांगते. मॉलच्या खालच्या मजल्यावर बहुधा किराण्याचं मोठं दुकान असतं. दोन केळी, एक दह्याचा कप, भाजलेल्या चण्यांची पुडी. सगळं छापील किमतीत. नाहीतर घरूनच गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी पर्समध्ये ठेव. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मी पडले ती त्यातलीच एक, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागत नाही त्याने. लिंबू पीळ, त्याने लागतं. चहा तासाभराने.

बिल घेतलंस तर वाचत जा. हॉटेलात 5 टक्के जीएसटी असतो, तो द्यावाच लागतो. पण लहान हॉटेलवाला कंपोझिशन योजनेतला असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहावंही लागतं. सर्व्हिस चार्ज म्हणून काही परस्पर लावलं असेल तर "काढा" म्हण. जुलै 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी सक्ती बंद केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. कुणी ऐकलं नाही तर 1915 हा ग्राहकांचा फोन आहे. आणि मैत्रिणींबरोबर मॉलमधल्या सिनेमाला गेलीस तर पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस. थिएटरने प्यायचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय.

सुट्टीचंही बोलते. तू म्हणालीस, गर्दी असली की जेवायला सोडत नाहीत. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात कामाच्या मधली निदान अर्ध्या तासाची सुट्टी लिहिलेली आहे. ती वरिष्ठांची मेहरबानी नाही. त्याच कायद्यात 100 किंवा जास्त कामगार असतील तर उपाहारगृहाचीही तरतूद आहे. तू एकटीने भांडावंस असं मी म्हणत नाही, पगार अडकला तर मी ठाण्याला येऊन काय करणार? पण चार जणींनी मिळून विचारलंत तर विचारता येतं. आमच्या वेळी आम्ही पाळी लावून घेतली होती, दोघी जेवायला, दोघी काउंटरवर. वरिष्ठ बाईही मग काही बोलल्या नाहीत.

आता डब्याचं. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण खरी अडचण इथेच आहे असं मला वाटतं. आई तुला डबा देते म्हणते आणि तू नको म्हणतेस. लवकर उठायचा कंटाळा म्हणून नाही, मला माहीत आहे. मी एकदा तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकी चटणी नेली होती. स्टाफरूममध्ये झाकण उघडलं आणि वास पसरला. एक मुलगी उठून दार उघडायला गेली, दुसरीने नाकाला ओढणी लावली. कुणी काही बोललं नाही. मी झाकण परत लावलं, आणि तो डबा रात्री आटगाव गेल्यावर चालत्या गाडीत, दाराजवळ उभी राहून खाल्ला. तेव्हापासून लग्न होऊन शहापूरला येईपर्यंत मी डब्यात सुकं काही नेलं नाही. आज त्याचं मला वाईट वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडाला ठाणे स्टेशनबाहेर आपल्याकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात, बघितलं असशील. शेवळांबरोबर ते आंबट काकडही असतं. त्यांतली एक दुपारी पाटीच्या आडोशाला बसून भाकरी खायची, वर सुकं. समोरून हजार माणसं जायची. तिचा घास कधी अडखळला नाही. आणि तीच शेवळं विकत घ्यायला लोक गाडी थांबवून यायचे.

तर डबा ने. मे महिन्यात आमटी-भात नको, दुपारपर्यंत आंबतो. नाचणीची भाकरी, लसणीची चटणी, सुकी मटकी, उन्हाळ्यात कांदा. आठवड्यात चार दिवस डबा, दोन दिवस बाहेर, असं धर. बाहेरच्या दोन दिवसांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळ्या पाकिटात काढून ठेव आणि घरी द्यायचे पैसे त्यानंतर मोज. बाबांनाही हेच सांगितलंय मी. ते म्हणाले, "आधी तिला जेवू दे."

रविवारी येशील तेव्हा माझ्याकडून जवळ्याची चटणी घेऊन जा. कालच भाजून ठेवलीय, लसूण जास्त घातलाय तुला आवडतो म्हणून. फिरकीच्या झाकणाची बरणी आणलीय, वास बाहेर येत नाही. पण उघडायची मात्र स्टाफरूममध्येच.